जुन्या पीसीच्या पाठीवर काय काय?

१९९५मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि मदरबोर्डवरचे बहुतेक पोर्ट कॅबिनेटच्या मागे एका पट्टीत आले. पुढे 'पीसी ९९' मार्गदर्शिकेने त्यांचे रंग ठरवून दिले. त्यामुळे नवख्यालाही रंगाला रंग जुळवून जोडणी करता येऊ लागली.

• पीएस/२ : दोन गोल पोर्ट. जांभळा कीबोर्डचा, हिरवा माउसचा. हे नाव आयबीएमच्या १९८७च्या संगणकांवरून पडले. प्लगमध्ये सहा नाजूक पिना असतात. दिशा न बघता प्लग दाबला, तर पिन वाकलीच म्हणून समजा.

• सीरियल : ९ पिना. माहिती एकेक बिट करून जाते. मोडेम आणि जुने माउस इथे जोडत.

• पॅरलल : २५ छिद्रांचा लांबट पोर्ट, मुख्यतः प्रिंटरसाठी. आठ तारांवरून आठ बिट एकदम जातात.

• व्हीजीए : निळा, तीन ओळींत १५ छिद्रे. मॉनिटरची केबल इथे लागते. तिचे दोन्ही स्क्रू बोटांनीच हलके आवळावेत.

• यूएसबी : १९९६मध्ये आला. १.१चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, तर २.०चा ४८०.

• ऑडिओ : पोपटी स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी, फिकट निळा बाहेरून आवाज आत घेण्यासाठी.

लक्षात ठेवा : यूएसबीची वायर संगणक चालू असताना काढता-घालता येते. पीएस/२ला मात्र हात लावण्याआधी संगणक बंद करा.