संगणकाचे घड्याळ आणि ध्वनिमुद्रणाचा दिनांक

वऱ्हाडी-नागपुरी बोलीचे मुद्रण थेट संगणकावर करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीस सुटीनंतर असे आढळून आले की, सावंगी (मेघे) येथे आदल्या सायंकाळी मुद्रित केलेल्या संभाषणांवर कित्येक वर्षांपूर्वीचा दिनांक पडला आहे. कोण, कोठे व केव्हा बोलले हे ठाऊक नसेल, तर अशा मुद्रणास पुराव्याचे मोल राहत नाही. म्हणून या दोषाचे कारण येथे विशद करीत आहे.

संगणक सुरू होताना वेळ घेतो ती मुख्य पाटीवरील घड्याळाकडून. यंत्र विजेला जोडलेले असेतो हे घड्याळ त्या विजेवर चालते. वायर काढली की सारा भार सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या लहानशा बॅटरीवर येतो. उन्हाळ्यात वायरी काढून ठेवण्याच्या आमच्या दक्षतेनेच जुनी बॅटरी संपली! त्यात खोलीत इंटरनेट नव्हते. एरवी वेळ आपोआप सुधारली असती.

१९८१ च्या आयबीएम पीसीत यंत्ररचना पाटीवरील बारीक खटक्यांनी ठरवीत. १९८४ च्या एटी यंत्रात बॅटरीवर जगणारी स्मृती व घड्याळ आले. आज त्याच कामासाठी सेटअपचा पडदा असतो. (नवे फर्मवेअर यूईएफआय म्हणविते, तरी लोक त्यास ‘बायोस’च म्हणतात, अर्थविस्ताराचे हे चांगले उदाहरण होय.) बॅटरी बदलून यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबावी, दिनांक व वेळ दुरुस्त करावी आणि बहुधा एफ १० ने जतन करून बाहेर पडावे. तेथे महिना प्रायः आधी लिहितात, हे विसरू नये. बूटचा क्रम किंवा डिस्कची पद्धत यांना मात्र कारणावाचून हात लावू नये. डिस्कची पद्धत बदलल्याने यंत्र सुरूच न होण्याचा संभव असतो.

आणखी एक मेख आहे. विंडोज या घड्याळातील वेळ स्थानिक मानते, तर लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ मानते. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर असल्यास साडेपाच तासांचा फरक पडतो. घड्याळात रात्रीचे ८ असता लिनक्स दुसऱ्या दिवशीची पहाट, म्हणजे १.३० दाखविते. सायंकाळचे मुद्रण अशाने दुसऱ्याच तारखेस जाते.

घड्याळ सुधारल्याने आधीच्या मुद्रणांचे दिनांक सुधारत नाहीत. विद्यार्थिनीच्या वहीवरून आम्ही ते पुन्हा लाविले. दोन संभाषणांची नोंद वहीत नव्हती. ती संग्रहात ‘दिनांक अनिश्चित’ अशी ठेविली आहेत.