उसाचा मांडव

गेल्या कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी, मी वडीगोद्रीला दादाच्या अंगणात होते. वृंदावनाला गेरू लावलेला, भोवती चार उसांचा मांडव, त्यात चिंचा-आवळे, आणि आईच्या धुवट पंच्याचा अंतरपाट. आळीतली दहा-बारा लेकरं अक्षता टाकायला जमली होती. मंगलाष्टकं झाली, लाह्या-बत्तासे वाटले, पाव तासात लग्न लागून लेकरं पांगलीसुद्धा. माझी भाची केसांतल्या अक्षता झटकत म्हणाली, "आत्या, माझं पण असंच लावा की."

दादा काही बोलला नाही. तिची सुपारी फुटली होती. मुलगा गोदावरीपलीकडचा, गेवराई तालुक्यातला. महामार्गाच्या कडेला एखादं लॉन घेऊन उन्हाळ्यात लग्न करायचं, असं पोळ्यापर्यंत ठरलेलं होतं. मग सप्टेंबर 2025चा पाऊस आला. महिनाअखेरीला जायकवाडीतून तीन लाख क्युसेकहून जास्त पाणी सुटलं आणि गोदाकाठची गावं पाण्यात गेली. दादाचं रान नदीपासून लांब आहे, पण कापसाच्या कैऱ्या झाडावरच सडल्या, जो फुटला तो कवडी निघाला. मोसंबीखाली गळलेल्या फळांचा सडा पडला. घरात होते ते 1 लाख 20 हजार. त्यापुढचा रुपया उसनाच आणावा लागला असता.

उसना आणायचा नाही, हे मी आणि वहिनीनं त्याच रात्री ठरवलं. लेकीच्या लग्नाचं कर्ज शेतकऱ्याच्या घराचं काय करतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत फिरले. पण कीर्तनात माना डोलावणं वेगळं आणि मुलाकडच्या बैठकीत, पानसुपारीच्या ताटासमोर बसून तेच म्हणणं वेगळं. मी शंभर पानी वही घेऊन गेले होते. पहिल्या पानावर एकच आकडा होता. तो वाचून दाखवला आणि म्हटलं, "आमच्याकडं एवढे आहेत. तुम्हीही तेवढेच घाला. दोन्ही मिळून 2 लाख 40 हजार. यात जे बसेल ते लग्न."

मुलाचे चुलते म्हणाले, "पोराचं पहिलंच कार्य. गाव जेवलं नाही तर लोक काय म्हणतील?" बैठक गप्प झाली. आतल्या दारात उभ्या असलेल्या मुलाच्या आईच बोलल्या, "थोरलीच्या लग्नाचे हप्ते अजून चालू हायेत. ते लोक भरतेत का?"

त्या बाईंपुढे मी मनोमन हात जोडले. मग दुसऱ्या एका पाहुण्यांनी अहिल्यानगरचा विषय काढला. मे 2025मध्ये मुळशीतल्या एका सुनेचा हुंड्याच्या छळातून मृत्यू झाल्याची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर अहिल्यानगरात मराठा समाजाची बैठक होऊन लग्नासाठी आचारसंहिता ठरली: शे-दोनशे माणसं, डीजे नाही, प्री-वेडिंग नाही, लग्न वेळेवर. असल्या ठरावांचा उपयोग मला त्या दिवशी कळला. खर्च कमी करण्याची ज्याची इच्छा असते, त्याला आपलं मन मारून नव्हे तर मान राखून मागं येण्यासाठी एक पायरी लागते. चुलत्यांना ती मिळाली.

आमच्याकडे लग्नातली यादी म्हणजे देण्याघेण्याचा कागद. काय द्यायचं, कुणी काय करायचं, खाली दोन्हीकडच्या सह्या. या लग्नात देणंघेणं नव्हतं, म्हणून माझ्या वहीतली यादी माणसांची झाली, आणि सगळ्यांत जास्त घाम तिनंच काढला. पहिल्या रात्री आमच्या एका बाजूची 612 नावं निघाली. आमच्या वाट्याला जागा होती नव्वदची.

चार रात्री आम्ही ती यादी घेऊन बसलो. दादा नाव वाचायचा, वहिनी नातं सांगायची, आई त्या घराचं पन्नास वर्षांचं येणंजाणं सांगायची. "त्यांनी आपल्याला मूळ लावलं होतं" हे एकच कारण असलेली नावं पहिल्या रात्री गेली. दुसऱ्या रात्री दादाच्या कामाचे लोक गेले, दुकानदार, पुढारी. पुढाऱ्याला बोलावलं की लग्न त्याच्या वेळेवर लागतं. तिसऱ्या रात्री अवघड झालं. मग आईनं माप दिलं: "मी दवाखान्यात पडले तर डबा घेऊन कोण येईल, ते लिहा." त्या मापानं दोन सख्खे चुलतभाऊ गळले आणि मोसंबीच्या बागेत कामाला येणाऱ्या तीन बाया आत आल्या. एक चुलतभाऊ अजून बोलत नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

यादीत आणखी एक गोष्ट मी मुद्दाम पाहत होते. वडीगोद्रीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते आरक्षणाच्या बातम्यांतून. मराठा आरक्षणाच्या उपोषणाची आंतरवाली सराटी शेजारीच, आणि जून 2024मध्ये ओबीसी आरक्षणाच्या बाजूचं उपोषण वडीगोद्रीतच झालं. त्या काळात एकमेकांच्या ओट्यावर बसणारी माणसं रस्त्यात मान वळवून जायला लागली, हे मी माहेरी आले की पाहत होते. गावजेवणात हे लपून जातं, हजार माणसांत कोण आलं नाही ते कळत नाही. नव्वदांत कळतं. म्हणून नव्वदांत प्रत्येक आळीतलं निदान एक घर राहील, असं पाहिलं. त्या घरांची पत्रिका द्यायला दादा स्वतः गेला, फोनवर धाडली नाही.

पत्रिका छापल्या चाळीसच. पहिली अंबडला मत्स्योदरी देवीपुढे ठेवली. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांच्या घरी दादा-वहिनी लग्नाआधीच्या आठवड्यात पायी फिरले, हळदीकुंकू देऊन सांगत, "लग्न घरच्यापुरतंच आहे, जोडी तिसऱ्या दिवशी पाया पडायला येईल." दोघं रोज रात्री दमून यायचे. याला पैसे लागले नाहीत, पण हे फुकट झालं असंही नाही.

टोपी-टॉवेल बंद ठेवला. लग्नातली टोपी कुणी घालत नाही, टॉवेल कुणी वापरत नाही. एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात आणि दर फेरीला कुणीतरी नवे गठ्ठे विकत घेतं. मानपानाच्या साड्या बंद केल्या, तेव्हा मात्र वहिनीच्या माहेरी कुजबुज झाली. बस्ता अंबडमध्येच बांधला. नवरीनं लग्न लागताना वहिनीचा शालू नेसला, नवं फक्त झंपर. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढे गेलेलं. मुलाच्या आईनं आपली जुनी पोत मोडली, थोडी भर घातली, त्यातून मंगळसूत्र झालं. डोरलं तेच ठेवलं, सोनाराला सांगून.

आता जेवण. लग्न साधं करणारे लोक जेवणावर पैसे वाचवायला जातात आणि तिथंच लग्न उदास होतं, असं माझं मत आहे. आम्ही पदार्थ कमी केले, माल नाही. पनीर, मंचुरियन, पाणीपुरीचा स्टॉल हे सगळं काढलं. वरण-भात, तूप-लिंबू, वांग्याची रस्सा भाजी, पोळी, ताजी बुंदी, मठ्ठा, शेंगदाण्याची चटणी. बस. आचारी गावातलेच, वयस्कर. त्यांचा हिशेब माणसांत नसतो, किलोत असतो. पोळी असेल तर शंभर माणसाला सात-आठ किलो तांदूळ, पोळी नसेल तर त्याच्या दीडपट. तूरडाळ चार किलो, वरण पळीवाढं राहायला हवं. वांगी लहान आणि काटेरी देठाची, आदल्या संध्याकाळी तोडलेली. बुंदीचं पीठ त्यांनी झाऱ्यातून पाडून दाखवलं. थेंब गोल पडला नाही तर पीठ पातळ, शेपूट निघाली तर घट्ट. पाक एकतारी. बुंदी आदल्या दिवशी करून ठेवायला त्यांनी चक्क नकार दिला. "शिळी बुंदी गावजेवणाला. घरच्या माणसाला कढईतली वाढावी," म्हणाले.

पोळ्यांवरून घरात माझा वाद झाला. नात्यातल्या बाया लाटतील, तेवढी मजुरी वाचेल, असा दादाचा हिशेब होता. मी नाही म्हटलं. आपल्याकडे साध्या लग्नाचं कौतुक होतं, तेव्हा ते कुणाच्या मनगटावर साधं झालं हे कुणी विचारत नाही. बहिणी, जावा, मावश्या पहाटे चारपासून चुलीपुढे बसतात आणि मंगलाष्टकं त्यांना आतून ऐकू येतात. आम्ही आठ बाया रोजानं लावल्या, पाचशे रुपये आणि जेवण. घरातल्या सगळ्या जणी मांडवात बसल्या. वहीतला हा चार हजारांचा खर्च मला सगळ्यांत समाधानाचा वाटतो. वाजंत्र्यांचंही तसंच. डीजे नाकारून सनई-संबळ बोलावला म्हणून त्यांच्याशी घासाघीस करायची नाही, असं ठरलं होतं. त्यांनी मागितले तेवढे नऊ हजार दिले.

मांडव भाचीच्या मनासारखा झाला. बिछायत केंद्रातून फक्त सतरंज्या, भांडी आणि वरचं पांढरं कापड आणलं. खांबांना शेजारच्या फडातले हिरव्या शेंड्याचे ऊस बांधले, मध्ये आंब्याचे डहाळे. झेंडू आणि पांढरी शेवंती जालन्याच्या बाजारातून पहाटे आली. पाटामागे काय लावायचं ते ठरत नव्हतं. भाचीच रानात गेली आणि बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीच्या फांद्या घेऊन आली. पावसातून वाचलेला तेवढाच पांढरा कापूस होता. आई कचरली, दादानं मात्र स्वतः त्या फांद्या उभ्या केल्या आणि बराच वेळ नीट करत राहिला. संध्याकाळच्या दिव्यात तो कापूस जो दिसला, त्याला कुठल्याही डेकोरेशनवाल्याची सर नव्हती.

लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी. मार्गशीर्षातला गुरुवार टाळला, कारण अर्ध्या बायका महालक्ष्मीचा उपास धरतात. वार कामाचा, म्हणून वाजंत्री आणि फोटोवाला दोघंही मोकळे होते. परण्या मारुतीपर्यंत गेला आणि गल्लीतूनच फिरला. महामार्ग 52वर रात्री वरात काढणं म्हणजे लेकरांना ट्रकपुढे नाचवणं आहे.

विधींबद्दल भाचीचं एक मागणं होतं. तिनं कुठंतरी वाचलं होतं की 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, सीताराम आल्हाट आणि राधा यांचं, पानसुपारीच्या खर्चात, भटजीवाचून. जोतीराव फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वचनं देतात. तिला तसं बोलायचं होतं. आईला मात्र भटजी हवेत. शेवटी भटजींनी सप्तपदीपर्यंतचं आटोपशीर केलं, आणि अंतरपाट धरलेला असतानाच दोघांनी आपापल्या हातानं लिहिलेल्या चार-चार ओळी वाचल्या. भाचीनं लिहिलं होतं की नोकरी सोडणार नाही, आणि आई-दादांना अडचण आली तर विचारून नव्हे, सांगून जाईन. मांडवात एवढी शांतता होती की मागं कढईत पडणारी बुंदी ऐकू येत होती. मुहूर्त 6 वाजून 10 मिनिटांचा होता, अक्षता त्याच मिनिटाला पडल्या. आमच्याकडच्या लग्नात ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

पंगती दोन बसल्या. एकशेऐंशीच्या जागी दोनशे बारा माणसं झाली. आचाऱ्यांना ते आधीच ठाऊक होतं, न सांगता त्यांनी पीठ जास्त भिजवलं होतं. भात पुरला, पोळी पुरली, बुंदी दुसऱ्या पंगतीच्या शेवटी संपली. शेवटच्या वीस पानांवर वहिनीनं गूळ-तूप वाढलं. तिचे डोळे भरून आले होते. मुलाचे चुलते त्याच टोकाला बसले होते. त्यांनी गुळाचा खडा पोळीत घालून गुंडाळी केली, खाल्ली आणि दुसरी मागितली. दादा दोन्ही पंगतींत प्रत्येक पानापुढे वाकून नाव घेऊन आग्रह करत होता. आठशे माणसांच्या लग्नात नवरीचा बाप असा वाकायला मोकळा नसतो, तो हिशेबाच्या मागं पळत असतो.

सोमवारी दोघं तीन साक्षीदार घेऊन ग्रामपंचायतीत गेले आणि नोंदणीचा अर्ज भरला. वही मी शनिवारीच मिटवली होती. 2 लाख 17 हजार. त्यात जेवण 62 हजार, मांडव आणि भांडी 24, दोन्हीकडचे कपडे 48. राहिलेले 23 हजार भाचीच्या खात्यावर टाकले.

त्या शनिवारी सकाळी मांडव सोडला. सतरंज्या झटकून गाडीत गेल्या. फुलं बागेत, मोसंबीच्या बुंध्याशी टाकली. उसाची कांडकी करून दादा कट्ट्यावर बसला, आळीतली लेकरं ओळीनं उभी राहिली आणि एकेक कांडकं घेऊन पळाली. हिरवी वाढी गाईपुढे पडली. पऱ्हाटीच्या फांद्यांवरचा कापूस आईनं बोंडांतून वेचला आणि दारात ऊन धरून वाती वळायला बसली.