घरच्या वहीत जमेची बाजूही लिहूया



आपल्या ग्रामसंघाचा कुठलाही कार्यक्रम आठवून बघा. शेवटी एक ताई उठते, माइक हातात घेते आणि आभार मानते. बीडीओ साहेबांचे, बँक मॅनेजरांचे, सरपंचांचे, मंडप लावणाऱ्या भाऊंचेसुद्धा. एकही नाव सुटू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून आणलेलं असतं. मग आपण घरी येतो. आपण दिवसभर बाहेर होतो म्हणून सासूबाईंनी भाकरी टाकून ठेवलेल्या असतात, मुलीने शेळ्या आणून बांधलेल्या असतात. तिथे मात्र आभारप्रदर्शन होत नाही. दारात पाय ठेवल्याबरोबर आपण विचारतो, "पाणी का नाही भरलं?"

यात कुणा एकीची चूक नाही. आपल्या घरात "धन्यवाद" म्हणायची रीतच नाही. म्हटलं तर समोरचा हसेल, म्हणेल, "काय मीटिंगची भाषा बोलते!" पण रीत नाही म्हणून भावना नाही, असं नसतं. तिला वाट कशी द्यायची, ते या लेखात बघूया.

केलेलं जाणणं

"कृतज्ञता" हा शब्द पुस्तकी वाटतो, पण अर्थ साधा आहे. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने केलेलं जाणणं, एवढाच त्याचा अर्थ.

हे आपल्या मुलखात नवीन नाही. नवं धान्य घरात आलं की देवाचा वाटा काढल्याशिवाय आपली जुनी माणसं ते तोंडात घालत नाहीत. महाशिवरात्रीला सागबारा तालुक्यातल्या देवमोगऱ्याला याहा मोगीच्या दर्शनासाठी लोक नवं धान्य बांबूच्या टोपलीत घेऊन जातात. कुणी चर्चमध्ये पहिलं पीक अर्पण करतं. धान्य आपल्या कष्टाने पिकतं खरं, पण त्यात पावसाचा, मातीचा, बैलाचा वाटा असतो. तो वाटा मोजायला आपल्या वाडवडिलांनी शिकवलं. हीच मोजणी आता घरातल्या माणसांसाठी करायची आहे.

मन खर्चच का लिहितं?

समजा, आज सकाळी सासूबाईंनी चूल पेटवली. मुलाने न सांगता हंडा भरून आणला. नवऱ्याने पावसाआधी कौलं फिरवली. आणि रात्री जेवताना तो म्हणाला, "डाळीत मीठ जास्त झालं." झोपताना आपल्याला काय आठवतं? मीठ!

मनाची घडणच तशी आहे. शेतात एकदा साप दिसला तर ती जागा आयुष्यभर लक्षात राहते. साप न दिसलेले शंभर दिवस लक्षात राहत नाहीत. धोका लक्षात ठेवला म्हणून माणूस जगला. पण हीच सवय घरात आली की एक टोचणारा शब्द दहा चांगल्या कामांना झाकून टाकतो.

गटाची वही आपण अशी लिहू का? नुसता खर्च लिहिला आणि जमा लिहिलीच नाही, तर लेखापरीक्षणात वही नापास होईल. मनाच्या वहीत मात्र आपण रोज तेच करतो आणि मग म्हणतो, "माझ्यासाठी कुणी काही करत नाही."

करायचं काय?

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींना त्रासाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य त्रास लिहिणाऱ्यांपेक्षा बरं वाटू लागलं. ते कॉलेजचे विद्यार्थी होते, आपलं जगणं वेगळं आहे. पण करून बघायला पैसा लागत नाही. पद्धत अशी:

1. रात्री झोपण्याआधी तीन गोष्टी आठवा. लिहिता येत असेल तर वहीत लिहा. नसेल तर तुरीचे तीन दाणे घ्या आणि एकेक गोष्ट आठवत वाटीत टाका. रोज जमलं नाही तर आठवड्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी करा.

2. नाव आणि काम नेमकं धरा. "घरचे चांगले आहेत" असं मोघम नको. "मी मीटिंगला गेले तेव्हा जाऊबाईंनी माझ्या बाळाला दोन तास सांभाळलं" असं.

3. त्यातली एक गोष्ट त्या माणसाला सांगा. "धन्यवाद" म्हणायला लाज वाटते ना? मग आपल्या बोलीत सांगा. "आई, तुम्ही भाकरी टाकल्या म्हणून मला दमायला झालं नाही." "बरं झालं तू कौलं फिरवलीस, रात्री पोरं कोरडी झोपली." सुरतेला कामाला गेलेल्या मुलाचा फोन आला की "पैसे कधी पाठवतोस?" याच्या आधी "तू पाठवलेल्या पैशातून बियाणं आलं रे बाबा" हे सांगा.

पहिल्या दिवशी समोरचा गप्प बसेल, कदाचित चेष्टाही करेल. करू द्या. पण ज्याचं काम कुणीतरी पाहिलं, त्याला ते पुन्हा करावंसं वाटतं. लेकरांचं तर हमखास. ओरडून भरलेला हंडा आणि कौतुकाने भरलेला हंडा, फरक तुम्हालाच दिसेल.

4. तीन दाण्यांपैकी एक दाणा स्वतःच्या नावाचा टाका. हे विसरू नका. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांची 97 मिनिटं. हे पाच तास कुठल्याच वहीत चढत नाहीत. "आज मी तापात असूनही पोरांना वेळेवर शाळेत पाठवलं" हेही केलेलंच आहे. तेही जाणायचं.

सकारात्मक विचार म्हणजे काय?

"सगळं छान होईल" असं म्हणून बसणं म्हणजे सकारात्मक विचार नव्हे. समजा, गटातून कर्ज काढून शेळ्या घेतल्या आणि त्यातली एक मेली. रडू येणारच, ते येऊ द्या. मग स्वतःला विचारा, आता माझ्या हातात काय आहे? उरलेल्या शेळ्यांना लस टोचायची, पशुसखीला बोलवायचं. हप्ता चुकण्याच्या आधी बैठकीत सांगायचं, "बायांनो, असं झालं, मला मुदत वाढवून द्या." संकट खरं आहे आणि हातात अजून काही आहे, या दोन्ही गोष्टी एकदम बघणं म्हणजे सकारात्मक विचार.

कशासाठी वापरायचं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. "समाधान मान", "चांगलंच बघ" हे शब्द बाईला गप्प बसवायलाही वापरले जातात. म्हणून तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

मारहाण सहन करणं म्हणजे कृतज्ञता नव्हे. "दारू पितो, पण कमावतो तरी ना" असं म्हणून जमेची बाजू शोधत बसू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 पासून आहे. गटातल्या विश्वासाच्या ताईला सांगा. महिलांसाठीच्या 181 या हेल्पलाइनवर बोला आणि जिवाला धोका असेल तर 112 लावा.

अंगातलं रक्त कमी असेल तर विचाराने ते वाढत नाही. सारखी चिडचिड होते, दम लागतो, उठवत नाही, याचं कारण कधी कधी स्वभाव नसून ॲनिमिया असतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलही आहे. सुनेला "आळशी" म्हणण्याआधी तिला आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्या.

मन फार खचलं असेल तर एकटीने झुंजू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर तीन दाण्यांनी भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा. 14416 या टेली-मानस हेल्पलाइनवर फोन करून मोकळेपणाने बोलता येतं आणि ती सेवा मोफत आहे.

वही खरी तेव्हाच, जेव्हा तिच्यात जमा लपवली जात नाही आणि थकबाकीही लपवली जात नाही. घराचंही तसंच. चांगलं केलेलं तोंडभर सांगायचं आणि अन्याय झाला तर तोही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायचं. रोज ज्याच्या कामाची दखल घेतली जाते, तो आपली तक्रारही जरा नीट ऐकतो.

पुढच्या बैठकीसाठी

दशसूत्रीप्रमाणे आपली बचत, परतफेड, लेखे सगळं नियमित चालतं. पुढच्या बैठकीत वही बंद करण्याआधी दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने एकच वाक्य बोलायचं: या आठवड्यात माझ्यासाठी कुणी काय केलं. सुरुवात सचिव ताईंपासून करूया. दर आठवड्याला कंदिलाच्या उजेडात असो की लाइटच्या, त्या आपले हिशेब लिहितात आणि आपण सही किंवा अंगठा करून उठून जातो. त्यांचं नाव आपण शेवटचं कधी घेतलं होतं?

आणि हो, त्या दिवशी चहा कोणी केला, तेही विचारा.