गुबार-ए-खातिर

गुबार-ए-खातिर : मौलाना अबुल कलाम आझाद (१८८८–१९५८) यांचा पत्ररूप आत्मनिष्ठ निबंधांचा उर्दू संग्रह. शीर्षकाचा अर्थ ‘मनात साचलेली धूळ’ असा होतो. संग्रहात एकूण २४ पत्रे असून त्यांतील बहुतेक अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किल्ल्यातील स्थानबद्धतेत लिहिली गेली. मुहम्मद अजमल खाँ यांनी संकलित केलेली पहिली आवृत्ती १९४६ मध्ये, तर मालिक राम यांनी संपादिलेली सटीप आवृत्ती साहित्य अकादेमीतर्फे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. आत्मनिष्ठ निबंधात वाङ्मयप्रकाराची निवड व शैली ही आशयाची बाह्य वेष्टने नसून त्याचीच अंगे असतात, हे या ग्रंथात विशेष स्पष्टपणे दिसते.

पार्श्वभूमी : ‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना मुंबईत अटक झाली व त्याच दिवशी त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. त्यांत काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष आझाद यांच्यासह जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव इ. नेते होते. आरंभी वृत्तपत्रे व पत्रव्यवहार बंद होता; पुढे नातेवाइकांशी मर्यादित पत्रव्यवहाराची मुभा मिळाली. किल्ल्यातील पहिले पत्र १० ऑगस्ट १९४२ चे आहे. पत्रे अलीगढ परिसरातील विद्वान स्नेही नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना उद्देशून असली, तरी ती पाठविण्याचा मार्ग नव्हता आणि लेखकास याची पूर्ण जाणीव होती.

पत्ररूपाची निवड : उर्दू गद्यात पत्राला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिर्झा गालिब यांच्या पत्रांनी मिळवून दिली. ऊद-ए-हिंदी (१८६८) व उर्दू-ए-मुअल्ला (१८६९) या संग्रहांतील त्यांची पत्रे समोरासमोरच्या संभाषणाप्रमाणे वाटतात, कारण ती पोहोचणार व त्यांना उत्तर येणार, हे त्यांत गृहीत आहे. आझादांच्या पत्रांना हा आधार नाही. मायन्यातील मित्राला केलेले संबोधन पत्रागणिक येते, पण त्याचा प्रतिसाद कधीच येत नाही. उत्तराच्या या अभावामुळे पत्र हळूहळू स्वगताकडे व तेथून निबंधाकडे झुकते. तथापि लेखक पत्राचा साचा सोडत नाही. दैनंदिनी लिहिली असती, तर बंदिवासातील एकाकीपण केवळ नोंदले गेले असते. पत्र लिहिल्यामुळे समोर एक रसिक, बहुश्रुत मित्र कल्पिला जातो व तुरुंगाच्या भिंतीआड सुसंस्कृत संवादाचे जग उभे राहते. राजकीय विधान न करताही लेखकाचे स्वातंत्र्य व्यक्त होते, ते या रूपामुळेच. याच किल्ल्यात नेहरूंनी १९४४ मध्ये डिस्कव्हरी ऑफ इंडिया हा ग्रंथ लिहिला. त्याचे पहिले प्रकरण अहमदनगरच्या किल्ल्यावरच आहे. परंतु नेहरूंनी तेथून इतिहासाच्या विस्तृत पटाकडे वाट काढली, तर आझादांनी खोलीतील लहान वस्तूंकडे. बंदिवास एकच असूनही वाङ्मयप्रकार भिन्न असल्यामुळे त्यातून प्रकट होणारा अर्थही भिन्न झाला.

शैलीची रूपे : आझादांनी १९१२ मध्ये कलकत्ता येथे सुरू केलेल्या अल्-हिलाल या साप्ताहिकातील गद्य वक्तृत्वपूर्ण, अरबीप्रचुर व आवाहनात्मक होते, कारण समूहाला जागे करणे हा त्याचा हेतू होता. गुबार-ए-खातिरमध्ये विद्वत्ता तीच, पण तिचा उपयोग वेगळा आहे. फार्सी, अरबी व उर्दू पद्यपंक्ती पावलोपावली येतात. त्या केवळ अलंकरण नाहीत. ग्रंथसंग्रहापासून दुरावलेला लेखक स्मरणातून आपले ग्रंथालय पुन्हा उभारीत असतो. वाक्ये लांब व लयबद्ध असली, तरी सूर खाजगी गप्पांचा आहे.

पहाटेच्या चहाविषयीचे लेखन या दृष्टीने प्रसिद्ध आहे. चिनी चहाचा सुगंध, तो दुधाविना घेण्याचा आग्रह आणि इतर सर्व झोपेत असतानाची निवांत वेळ यांचे वर्णन लेखक कमालीच्या गांभीर्याने करतो. विषयाचा क्षुल्लकपणा आणि भाषेचा डौल यांतील अंतरातून विनोद निर्माण होतो. त्याचबरोबर दिवसाचा हा एक प्रहर तरी बंदिवानाच्या स्वतःच्या सत्तेत आहे, हा आशयही सूचित होतो.

मार्च १९४३ मधील चिमण्यांच्या कथेतही हीच पद्धत दिसते. खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेला संघर्ष प्रथम युद्धाच्या परिभाषेत, चढाई, माघार व तह या क्रमाने सांगितला आहे. पुढे तांदळाचे दाणे टाकून मैत्री जुळते. पक्ष्यांना ‘कलंदर’, ‘मुल्ला’, ‘सूफी’, ‘मोती’ अशी नावे मिळतात. अखेरीस न उडणारे एक दुबळे पिल्लू अकस्मात झेप घेते. आपल्या सामर्थ्याची ओळख पटताच असमर्थता कशी नाहीशी होते, हा विचार येथे उपदेशाच्या रूपाने येत नाही. हलक्याफुलक्या निवेदनाने वाचक आधीच गुंतलेला असल्याने तो सहज उमगतो.

शैलीची कसोटी : ९ एप्रिल १९४३ रोजी आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कलकत्ता येथे निधन झाले. आजार गंभीर असल्याचे कळूनही आझादांनी सरकारकडे कोणतीही विनंती करण्यास नकार दिला होता. ११ एप्रिलच्या पत्रात त्यांनी याविषयी लिहिले आहे. येथे पूर्वीचा विनोद लोपतो. मुंबईस निघतानाच्या निरोपापासून निधनवार्तेपर्यंतचा क्रम लेखक तपशिलाने व संयमाने सांगतो. चिंता आतून पोखरीत असताना नित्यक्रम पाळून बाहेरून शांत दिसण्याची आपली धडपड तो निर्दयपणे तपासतो व त्या शांततेत अहंकाराचा व दिखाव्याचा अंश होता, हे मान्य करतो. शोकाचे थेट वर्णन तो टाळतो. किल्ल्याच्या आवारातील एका जुन्या अनाम कबरीकडे त्याची दृष्टी वळते आणि नेहमीच पाहिलेली ती कबर त्याला नव्याने दिसते. आधीच्या पत्रांतील डौलदार भाषेची सवय झालेल्या वाचकाला या संयमाचा भार विशेष जाणवतो. चहा व चिमण्या यांवरील निबंधांविना या पत्राचा परिणाम इतका खोल झाला नसता. संग्रहाची रचनाही अशा रीतीने अर्थवाही ठरते.

मराठी निबंधाशी तुलना : मराठीत आत्मनिष्ठ लघुनिबंध १९३० च्या सुमारास रूढ झाला. त्याच्या प्रवर्तकांपैकी ना. सी. फडके यांचा जन्म अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत येथे १८९४ मध्ये झाला. त्यांच्या गुजगोष्टी (१९३३) या संग्रहाच्या नावातच वाचकाला विश्वासात घेणारा सूर व्यक्त होतो. अनंत काणेकरांचा पिकली पाने (१९३४) हा संग्रह त्याच परंपरेतील आहे. क्षुल्लक विषय, प्रसन्न विनोद व विचाराचे आकस्मिक वळण ही लक्षणे आझादांच्या पत्रांतही आढळतात. परंतु मराठी लघुनिबंध मुख्यतः नियतकालिकाच्या वाचकासाठी लिहिला गेला व त्याची प्रसन्नता निर्वेध जीवनातील होती. आझादांची प्रसन्नता प्रतिकूलतेत प्रयत्नपूर्वक राखलेली आहे, म्हणून तीच एक नैतिक भूमिका बनते.

मूल्यमापन : या लेखनाला पत्रे म्हणावे की निबंध, याविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. उद्धरणांची विपुलता, पांडित्याचे प्रदर्शन व आत्मगौरव हे दोषही दाखविले गेले आहेत. आत्मकेंद्री साहित्याच्या स्वरूपाची चर्चा आझादांनी स्वतःच एका पत्रात केली असल्याने ते या आक्षेपाविषयी अनभिज्ञ नव्हते. फार्सी परंपरेशी परिचय नसलेल्या वाचकाला काही भाग दुर्बोध वाटतो, हेही खरे. तथापि ज्याला बोलण्याची बंदी आहे, त्याने न पोहोचणाऱ्या पत्रात आपला स्वर सांभाळून ठेवावा, या मूळ कल्पनेशी रूप व शैली अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिल्या आहेत. विसाव्या शतकातील भारतीय आत्मनिष्ठ गद्यात या ग्रंथाला जे महत्त्वाचे स्थान मिळाले, त्याचे कारण या एकरूपतेत आहे.