प्रकाश मोजावा चेहऱ्यावरचा

पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेल्या सावळ्या आजोबांचा फोटो काढला, की कपडे करडे आणि चेहरा काळवंडलेला येतो. असं का होतं? दोष आजोबांच्या रंगाचा नाही. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परतणारा प्रकाश मोजतो आणि समोरचं सारं मध्यम करडं आहे, असं धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं, की तो एक्स्पोजर कमी करतो.

म्हणून मी हातात धरायचा लाइटमीटर वापरतो. त्याचा पांढरा अर्धगोल घुमट वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो. कपड्यांच्या रंगाशी त्याला देणंघेणं नाही. मीटरवर आयएसओ आणि शटरचा वेग लावायचा, तो चेहऱ्याजवळ धरायचा, घुमट कॅमेऱ्याकडे वळवायचा आणि बटण दाबायचं. समजा, १/१२५ सेकंदाला एफ ८ आलं, तर तेच कॅमेऱ्यावर मॅन्युअलमध्ये लावा. उन्हातून सावलीत गेलात, तर पुन्हा मोजा. पेटती समई किंवा मावळता सूर्य यांच्यासाठी मात्र हा घुमट उपयोगाचा नाही. ते स्वतःच प्रकाश देतात.

फोटो लगेच स्क्रीनवर दिसतो, मग मीटर कशाला, असं कुणी विचारेल. पण भर उन्हात स्क्रीन फसवते. आणि उद्या भिंतीवर लागणाऱ्या फोटोत माणूस आहे त्या रंगात दिसावा, एवढा मान त्याला द्यायलाच हवा.