कठोर टीका आणि संगीतरचनाकार

आपल्याकडील गवई बैठकींत गावयास बसला म्हणजे श्रोत्यांची दाद किंवा नापसंती त्यास तत्क्षणींच कळते. एखादी तान फसली तर पुढच्या आवर्तनांत ती सांवरून घेण्याची सोय त्याच्याच हातीं असते. युरोपांतील संगीतरचनाकाराची स्थिति निराळी आहे. तो महिनेच्या महिने एकान्तांत बसून प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहून काढतो, नंतर तो कागद दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि साठसत्तर वादक ती रचना वाजवूं लागले म्हणजे आपण मागें खुर्चीवर निमूटपणें बसून ऐकतो. वादकांनीं घोटाळा केला तरी बोल बहुधा त्यालाच लागतो. वर्षाच्या श्रमांचा निकाल एका संध्याकाळीं लागावयाचा आणि तो दुसऱ्या दिवशीं छापून सर्व शहरानें वाचावयाचा, हा त्या धंद्याचा नित्याचा व्यवहार होय. अशा वेळीं मोठमोठ्या कर्त्यांनीं काय केलें हें पाहणें, ज्यांच्या निबंधाच्या वह्या तांबड्या शाईनें माखून परत येतात त्या आमच्या विद्यार्थ्यांस, आणि ती शाई वापरणाऱ्या आम्हां शिक्षकांसही, उपयोगाचें वाटेल.

पहिली हकीकत प्योत्र चायकोव्स्की या रशियन रचनाकाराची. इ. स. १८७४ च्या अखेरीस त्यानें आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो लिहिला. कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्या संवादासाठीं केलेली मोठी रचना. चायकोव्स्की तेव्हां चौतीस वर्षांचा असून मॉस्कोच्या संगीतविद्यालयांत शिक्षक होता. त्या विद्यालयाचा प्रमुख निकोलाय रुबिनस्टाइन हा अव्वल दर्जाचा पियानोवादक होता. त्यानेंच चायकोव्स्कीला मॉस्कोस आणलें, आरंभीं आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि त्याच्या अनेक रचना प्रथम लोकांसमोर मांडल्या. चायकोव्स्की स्वतः पियानोवादनांत तितका निष्णात नव्हता. म्हणून कोणता भाग बोटांस अवघड किंवा अशक्य आहे, एवढेंच त्यास या जाणत्या स्नेह्याकडून समजून घ्यावयाचें होतें. रशियन पंचांगाप्रमाणें नाताळच्या आदल्या संध्याकाळीं विद्यालयाच्या एका खोलींत त्यानें ती रचना वाजवून दाखविली.

पहिला भाग संपला. रुबिनस्टाइन एक अक्षर बोलला नाहीं. चायकोव्स्कीनें तसेंच शेवटपर्यंत वाजवीत नेलें आणि मग अभिप्राय विचारला. तेव्हां प्रथम हळू आणि मग चढत्या स्वरांत रुबिनस्टाइनचा भडिमार सुरू झाला. रचना वाजविण्यास अशक्य, कित्येक जागा बेढब, कांहीं इतरांपासून उचललेल्या; दोनतीन पानें काय तीं ठेवण्याजोगीं, बाकीचें टाकून द्यावें किंवा नव्यानें लिहावें, असा त्याचा एकंदर आशय होता. चायकोव्स्की कांहीं न बोलतां खोलीबाहेर पडला. रुबिनस्टाइन मागोमाग गेला आणि त्याची उद्विग्नता पाहून म्हणाला कीं, अमुक मुदतींत मी सांगतों तसे फेरफार केलेस तर ही कृति मी माझ्या जलशांत वाजवीन. चायकोव्स्कीनें उत्तर दिलें कीं, मी एक स्वरही बदलणार नाहीं; आहे तशीच छापीन.

हा सर्व वृत्तांत चायकोव्स्कीनें तीन वर्षांनंतर आपली आश्रयदाती नादेझ्दा फॉन मेक हिला लिहिलेल्या पत्रावरून कळतो. त्या पत्रांतील एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आपणांस दोष दाखविल्याबद्दल त्याची तक्रार नाहीं. दोष दाखवून घेण्यासाठींच तो गेला होता. त्याचें दुःख हें कीं, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर न मिळतां, जणूं कांहीं तो एखादा अडाणी नवशिका असावा, अशा सुरांत त्याची संभावना झाली. त्यानें पियानोच्या बोटांविषयीं विचारलें आणि उत्तर मिळालें तें त्याच्या लायकीविषयीं. पालकहो, मुलानें गणिताची एक पायरी विचारली असतां त्याच्या सर्व भवितव्याचा निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह आपणांपैकीं कोणास होत नाहीं?

पुढें काय झालें? चायकोव्स्कीनें ती रचना हान्स फॉन ब्यूलो या जर्मन वादकास अर्पण केली. ता. २५ ऑक्टोबर १८७५ रोजीं अमेरिकेंत बोस्टन येथें ब्यूलोनें ती प्रथम वाजविली. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉस्कोंत ती झाली तेव्हां वाद्यवृंदाचें संचालन केलें तें खुद्द रुबिनस्टाइननें! पुढें १८७८ सालापासून तो स्वतः तिचा पियानोचा भाग वाजवूं लागला आणि पॅरिसच्या प्रदर्शनांतही त्यानें तो वाजविला. आपलें मत चुकलें हें लोकांसमोर हातांनीं वाजवून दाखविण्यास केवढें मोठें मन लागतें!

परंतु हकीकत एवढ्यावरच सोडली तर ती अर्धीच राहील. एक स्वरही न बदलण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या चायकोव्स्कीनेंही पुढें फेरफार केलेच. लंडनमधील एडवर्ड डॅनरॉयटर या वादकानें १८७६ सालीं ती रचना वाजविली आणि पियानोचा भाग अधिक सुकर व परिणामकारक कसा होईल याच्या सूचना लिहून धाडल्या. चायकोव्स्कीनें आभार मानून त्या नव्या आवृत्तींत घेतल्या. आणखी कांहीं वर्षांनीं त्यानें पुन्हां सुधारणा केल्या. आरंभीं पियानोचे जे भरदार स्वरसमूह आज सर्व जगास परिचित आहेत, ते मूळच्या प्रतींत तसे नव्हते. म्हणजे पियानोच्या लेखनांत सुधारणेस जागा होती, हें रुबिनस्टाइनचें म्हणणें कांहीं अंशीं खरेंच होतें. जें त्याच्या तोंडून घशाखालीं उतरलें नाहीं, तेंच डॅनरॉयटरच्या सौम्य पत्रानें सहज उतरलें. दोघांचा स्नेह मात्र तुटला नाहीं. १८८१ सालीं रुबिनस्टाइन पॅरिसमध्यें वारला, तेव्हां त्याच्या स्मरणार्थ चायकोव्स्कीनें तीन वाद्यांची एक करुणगंभीर रचना लिहिली.

दुसऱ्याचें ऐकून घेण्याचाही अतिरेक होऊं शकतो. ऑस्ट्रियांतील आंतोन ब्रुकनर याची तिसरी सिंफनी डिसेंबर १८७७ मध्यें व्हिएन्ना येथें झाली. नियोजित संचालक मरण पावल्यामुळें ब्रुकनरला स्वतःच उभें राहावें लागलें. लोक मधूनच उठून जाऊं लागले, आणि शेवटीं मूठभर तरुण काय ते उरले. त्यांत पुढें नामांकित झालेला गुस्ताव मालर हा एक होता. दहा वर्षांनीं ब्रुकनरनें आठवी सिंफनी मोठ्या विश्वासानें हेर्मान लेव्ही या संचालकाकडे पाठविली. आपणांस ती आकळत नाहीं, असें लेव्हीनें कळविलें. ब्रुकनर खचला, नंतर त्यानें आठवी पुन्हां लिहिली, शिवाय तिसरी आणि पहिली याही पुन्हां हातीं घेतल्या. नवी आठवी १८९२ सालीं वाखाणली गेली, आणि पुष्कळ जाणत्यांस ती जुनीपेक्षां सरस वाटते; तेव्हां लेव्हीचा नकार अगदींच फुकट गेला असें म्हणवत नाहीं. परंतु या दुरुस्त्यांत वर्षें गेलीं, आणि १८९६ सालीं ब्रुकनर वारला तेव्हां नववी सिंफनी अपुरी राहिली होती.

शेवटची हकीकत सर्वांत दारुण आहे. सर्गेई राखमानिनॉव याची पहिली सिंफनी मार्च १८९७ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें वाजविली गेली. त्याचें वय तेव्हां तेवीस वर्षांचें. ग्लाझुनॉव हा स्वतः उत्तम रचनाकार संचालक होता, पण तालमी अपुऱ्या झाल्या होत्या आणि वादन विस्कळित झालें. सेझार क्युई या टीकाकारानें लिहिलें तें असें: नरकांत एखादें संगीतविद्यालय असतें, आणि तेथील एखाद्या हुशार विद्यार्थ्यास मिसर देशावरील सात पीडांवर सिंफनी रचावयास सांगितलें असतें, तर त्यानें हीच रचून नरकवासीयांस संतुष्ट केलें असतें. (निर्गमाचें पुस्तक वाचणाऱ्या मुलांस ठाऊकच आहे कीं पीडा दहा होत्या. दुसऱ्याच्या चुका मोजणारांनीं निदान आंकडे तरी नीट मोजावेत.)

या लेखांत विनोद पुष्कळ आहे. परंतु कोणता भाग कां बिघडला, दोष रचनेचा किती आणि वादनाचा किती, हें त्या वाक्यावरून कर्त्यास कसें कळावें? राखमानिनॉवच्या मनावर मात्र असा आघात झाला कीं सुमारें तीन वर्षें त्याच्या हातून म्हणण्यासारखी रचना झाली नाहीं. तो रिकामा बसला नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे: मॉस्कोंतील एका खासगी संगीतनाटक मंडळींत त्यानें त्यांतील कांहीं काळ संचालकाचें काम केलें. पुढें १९०० सालीं त्याच्या आप्तांनीं त्यास डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे नेलें. डॉक्टर संगीताचे शौकीन होते. त्यांनीं कित्येक आठवडे त्याच्याशीं बोलून त्याच्या मनाची उभारी परत आणिली. त्यानंतर लिहिलेला दुसरा पियानो कॉन्चेर्टो राखमानिनॉवनें डॉक्टरांसच अर्पण केला. १९०१ सालीं तो लोकांसमोर आला आणि त्याच्या कीर्तीचा पाया झाला. मनाच्या दुखण्यासाठीं वैद्याकडे जाण्यांत त्या थोर पुरुषास कमीपणा वाटला नाहीं, हें येथें मुद्दाम सांगतों. कारण आपल्या घरांतून अजूनही अशा दुखण्यास आळस किंवा नखरा म्हणण्याची चाल आहे.

पहिली सिंफनी त्यानें जिवंतपणीं पुन्हां कधीं वाजवूं दिली नाहीं. १९१७ सालीं त्यानें रशिया सोडली आणि मूळ हस्तलिखित तेथेंच नाहींसें झालें. १९४३ सालीं तो अमेरिकेंत निवर्तला. नंतर लेनिनग्राड येथें त्या पहिल्या संध्याकाळच्या वादकांचे सुटे कागद सांपडले. त्यांवरून संपूर्ण रचना पुन्हां जुळविण्यांत आली, आणि ता. १७ ऑक्टोबर १९४५ रोजीं मॉस्कोंत, अठ्ठेचाळीस वर्षांनंतर, ती दुसऱ्यांदा लोकांनीं ऐकली. तेव्हांपासून ती देशोदेशींचे वाद्यवृंद वाजवीत आले आहेत.