अल्प किरणांचा दीर्घ सहवास

शिवाजीनगर नावाची वस्ती जशी पुण्यात आहे, तशी ती बंगळुरातही आहे. पुण्याच्या शिवाजीनगरचे जुने नाव भांबुर्डे; बंगळूरच्या शिवाजीनगरला एके काळी ब्लॅकपल्ली म्हणत. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. तेव्हा तेथील मराठी घराण्यांना हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. परंतु या दोन वस्त्यांत एक भेद असा आहे, की जो डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला जाणवत नाही. हा भेद पायाखालच्या खडकाचा आहे. पुण्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून तो बनला. बंगळूरखालचा पट्टिताश्म मात्र ३०० कोटी वर्षांहूनही जुना असून लालबागेतील सुप्रसिद्ध टेकडी हा त्याचाच उघडा पडलेला माथा होय. काळ्या पाषाणात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, तर बंगळूरकडच्या ग्रॅनाइट जातीच्या खडकांत ती अधिक आढळतात.

या द्रव्यांतून अहोरात्र किरण बाहेर पडत असतात. शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले असल्याने आकाशातून येणारे विश्वकिरणही तेथे थोडे जास्तच पोहोचतात. एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, म्हणजे त्या मात्रेस एक ग्रे म्हणतात. तिचा हजारावा भाग म्हणजे मिलिग्रे. या मापाने मुंबईच्या रहिवाशाला बाहेरून वर्षाकाठी सुमारे अर्धा मिलिग्रे, तर बंगळूरच्या रहिवाशाला सुमारे आठ दशांश मिलिग्रे मात्रा मिळते. मग मुंबई-पुण्याकडून बंगळुरास बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाने, आपल्या नकळत, एखादा धोका पत्करला असे म्हणावयाचे काय? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. किरणोत्सर्गाची अल्प मात्रा सजीवाला जन्मभर मिळत राहिली तर तिचा परिणाम काय होतो, हा विज्ञानातील एक बिकट प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्रथम किरण शरीरात काय करतात ते पाहणे इष्ट ठरेल. क्ष-किरण, गॅमा-किरण, अल्फा आणि बीटा कण यांच्यात अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते. यालाच आयनीकरण म्हणतात. पेशीचा बहुतांश भाग पाणी असल्यामुळे हा आघात पुष्कळदा पाण्याच्या रेणूवर होतो. त्यातून अतिशय क्रियाशील असे रेणुखंड निर्माण होतात आणि ते शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. कधी किरणाचा घाव थेट पेशीच्या केंद्रकातील डीएनएवर बसतो. डीएनएचा रेणू दोन धाग्यांचा पीळ आहे. एक धागा तुटला तर दुसऱ्याच्या आधाराने तो सांधता येतो; दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले तर मात्र दुरुस्ती अवघड होते, आणि कधी ती चुकीचीही होते.

दुरुस्ती हा येथे कळीचा शब्द आहे. पेशी हे निमूटपणे मार खाणारे मडके नव्हे. तिच्यापाशी डीएनए तपासणारी, चुकीचा तुकडा कापून काढणारी आणि नवा तुकडा बसवणारी प्रथिने असतात. ही यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि सांजार या तिघांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही यंत्रणा केवळ किरणांसाठी निर्माण झालेली नाही. श्वासोच्छ्वास आणि पचन यांसारख्या नित्य व्यापारांतही डीएनएची सतत झीज होत असते, आणि पेशी ती सतत भरून काढीत असते. किंबहुना प्रौढ माणसाच्या स्वतःच्या शरीरातील किरणोत्सर्गी पोटॅशियमचे दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. किरणांपासून सर्वस्वी मुक्त असा सजीव या पृथ्वीवर कधी नव्हताच.

यावरून एकदम मिळालेली मोठी मात्रा आणि वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने मिळालेली तेवढीच मात्रा यांत अंतर का पडते, हे ध्यानी येईल. हर्मन म्यूलर यांनी १९२७ साली फळमाशीवर क्ष-किरण सोडून आनुवंशिक गुणांत बदल, म्हणजे उत्परिवर्तन, घडवून आणता येते हे सिद्ध केले. त्यानंतर बराच काळ असा समज होता, की एकूण मात्रा तेवढी महत्त्वाची. ती झटकन दिली काय अथवा सावकाश दिली काय, फल एकच. परंतु १९५८ साली अमेरिकेतील ओक रिज येथे रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत निराळेच दिसून आले. तीच मात्रा संथपणे दिली असता उत्परिवर्तने पुष्कळ कमी झाली. कमी झाली, नाहीशी मात्र झाली नाहीत. या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

संथ मात्राही मोठी असेल तर तिचे फळ भोगावेच लागते. क्ष-किरणांच्या आरंभकाळातील डॉक्टर यंत्र नीट चालते की नाही हे स्वतःचा हात समोर धरून पाहत. त्यांतील कित्येकांच्या हातांची कातडी जळाली आणि पुढे तेथे कर्करोग उद्भवला. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. कॅल्शियमच्या जातकुळीचे ते रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले, आणि जबड्याची हाडे सडून, हाडांचा कर्करोग होऊन त्यांतील अनेकींचा अंत झाला. स्वतः मारी क्यूरी १९३४ साली ज्या रक्तक्षयाने वारल्या, त्याच्या मुळाशी दीर्घकाळचा किरणसंपर्क होता, असेच मानले जाते. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, जननपेशी, गर्भ, अशा जेथे पेशींचे विभाजन वेगाने चालते, तेथे किरणांचा आघात अधिक जाणवतो, हा सर्वसाधारण नियम आहे.

सर्व सजीव सारखेच हळवे असतात असेही नाही. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन येथे १९६१ सालापासून एका वनात किरणोत्सर्गी सीझियम ठेवून सभोवारच्या वनस्पतींचे निरीक्षण करण्यात आले. पाइन वृक्ष सर्वांत आधी आणि सर्वांत लांबवर मेले. त्यांच्या मानाने ओक टिकले. त्यांच्याही आत झुडपे, मग गवतासारख्या वनस्पती, आणि किरणस्रोताच्या अगदी जवळ केवळ शेवाळे व दगडफूल तग धरून राहिले. ज्यांच्या पेशींत गुणसूत्रांचा आकार मोठा, ते सामान्यतः अधिक लवकर बळी पडतात. उंच आणि डौलदार ते आधी गेले, क्षुद्र आणि खुरटे ते उरले.

तथापि प्रयोगातील वनावरून माणसाचे भवितव्य ठरविता येत नाही. त्यासाठी निसर्गानेच मांडून ठेवलेला एक प्रयोग भारतात आहे. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळले. त्यात थोरियमचे प्रमाण शेकडा आठ ते दहा इतके असते. केरळातील कोल्लम जिल्ह्यात नींदकरा आणि चवरा या गावांच्या किनाऱ्यावर ही काळसर वाळू पसरलेली असून तिच्यावर दाट वस्ती आहे. तेथील किनारी पंचायतींत घराबाहेरची मात्रा वर्षाला चार मिलिग्रेहून अधिक, आणि काही जागी तर सत्तर मिलिग्रेपर्यंत भरते. ही माणसे तेथे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत.

या भूमीचे महत्त्व ओळखणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी होते. ते म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९५६ साली भारत सरकारने अण्वस्फोटांच्या परिणामांविषयी डॉ. दौलतसिंग कोठारी यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यास डॉ. होमी भाभा यांच्याबरोबर डॉ. खानोलकरांचेही साहाय्य होते. संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी १९५५ साली जी शास्त्रीय समिती नेमली, तिच्यावर भारताचे प्रतिनिधी तेच होते. केरळच्या किनाऱ्याची पाहणी करावी असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही १९५९ साली सुचविले. पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोल्लम येथे या कामासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा चालविली.

या पाहण्यांतून एकच एक उत्तर मिळाले नाही. १९६० नंतरच्या वर्षांत ग्र्यूनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाळूवर राहणाऱ्या घरगुती उंदरांची हाडे आणि दात तपासले. उंदीर लांब भटकत नाही आणि त्याच्या पिढ्या झपाट्याने उलटतात. तरीही किरणांमुळे झाला असे म्हणता येईल असा फरक त्यांना आढळला नाही. १९७६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील कोचुपिल्लै, वर्मा, ग्रेवाल आणि रामलिंगस्वामी यांनी मात्र निराळा निष्कर्ष मांडला. किनाऱ्यावरील १२,९१८ लोकांत डाउन विकाराची १२ माणसे त्यांना सापडली. तुलनेसाठी घेतलेल्या ५,९३८ लोकांत एकही नव्हते. यावर आक्षेप असा आला, की तुलनेच्या गावात एकही रुग्ण नसणे हेच अपेक्षेपेक्षा कमी आहे, आणि या विकारात आईच्या वयाचा वाटा मोठा असतो. पुढे रुग्णालयांत जन्मलेल्या एक लाखाहून अधिक अर्भकांची तपासणी झाली, तीत जन्मजात व्यंग आणि किरणमात्रा यांचा संबंध दिसला नाही. २००२ साली २४८ कुटुंबांच्या पाहणीत आईकडूनच येणाऱ्या डीएनएमधील उत्परिवर्तने किरणयुक्त भागात निश्चितपणे अधिक आढळली. परंतु ती सारी अशाच स्थानी होती, की जेथे निदान साठ हजार वर्षे बदल होत आलेले आहेत. बदल म्हणजे व्याधी नव्हे, हा त्यातील बोध. कर्करोगाविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेली करुनागप्पळ्ळीची पाहणी सर्वांत विस्तृत. ६९,९५८ रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षे लक्ष ठेवले गेले. १,३७९ जणांना कर्करोग झाला. पण साचत गेलेल्या मात्रेबरोबर त्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही.

येथेच थांबले तर निश्चिंत होण्याचा मोह पडेल. परंतु फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग-कामगारांचा दीर्घ अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात संथपणे मिळालेल्या मात्रेबरोबरही कर्करोगाने येणारे मृत्यू वाढतात असे दिसले. रक्ताचे कर्करोग वगळता इतर कर्करोगांच्या बाबतीत ही वाढ एका ग्रेमागे सुमारे निम्मी होती. याचा अर्थ, नोकरीभरात २० मिलिग्रे मात्रा साचली तर धोका शेकडा एकाने वाढला. ही वाढ अल्प आहे, पण शून्य नाही. शेकडा एकाचा फरक हजारो माणसांच्या जमावातही ओळखता येत नाही. तंबाखू, आहार, वय यांचे परिणाम त्याला सहज झाकून टाकतात. केरळात धोका दिसला नाही, याचा अर्थ तो नाहीच असा होत नाही. असलाच तर तो मोठा नाही, एवढेच निश्चयाने म्हणता येते.

म्हणूनच व्यवहारात शास्त्रज्ञांनी सावध पक्ष स्वीकारला आहे. मात्रा कितीही लहान असली तरी तीत त्या प्रमाणात धोका आहे असे धरून चालावे, आणि प्रयोजनावाचून एकही किरण अंगावर घेऊ नये. भारतात १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, अशी मर्यादा घातली आहे. मिलिसिव्हर्ट म्हणजे, क्ष आणि गॅमा-किरणांपुरते बोलायचे तर, मिलिग्रेच होय. बंगळूरच्या शिवाजीनगरात बाउरिंग रुग्णालय आहे. तेथे काय किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी काय, क्ष-किरणयंत्र चालविणाऱ्याच्या छातीवर जी लहानशी मापनपट्टी असावयास हवी, ती याच नियमाची खूण. ती खिशात अथवा खुंटीवर राहिली, तर नियम कागदावरच राहिला.

बंगळुरास बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाला द्यावयाचे उत्तर आता सोपे आहे. वर्षाला तृतीयांश मिलिग्रेचा तो फरक केरळच्या किनाऱ्याच्या मानाने नगण्य आहे, आणि त्यासाठी घर बदलण्याचे कारण नाही. खडकातून येणारे किरण कोणी थांबवू शकत नाही, पण यंत्रातून येणारे किरण माणसाच्या हातात असतात. रोगनिदानासाठी आवश्यक असलेला क्ष-किरण भीतीपोटी नाकारणे जितके अविचाराचे, तितकेच तो निष्कारण वारंवार घेणे अविचाराचे. शरीरातील पेशी आपली दुरुस्ती निमूटपणे करीत असते. तिच्यावरचा भार उगाच न वाढविणे, एवढे तरी माणसाच्या स्वाधीन आहे.